उपसर्ग आणि अर्थघडण : इंग्रजीतील लॅटिन उपसर्ग व मराठी प्रतिशब्द यांची एक चिकित्सा

प्रस्तावना

इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या जाणाऱ्या पुस्तिकांत उपसर्गांचा तक्ता हमखास आढळतो. 'सब' म्हणजे खाली, 'प्रो' म्हणजे पुढे, 'री' म्हणजे पुन्हा, 'इन' म्हणजे नाही, असे अर्थ त्यात पाठांतरासाठी दिलेले असतात. उपसर्ग आणि धातू यांची बेरीज केली की शब्दाचा अर्थ हाती लागतो, हे या तक्त्यामागील गृहीतक होय. मराठीतील पारिभाषिक शब्दांची घडणही बऱ्याच अंशी याच गृहीतकावर झाली. इंग्रजी शब्दातील लॅटिन उपसर्ग वेगळा काढायचा, त्याच्या जागी संस्कृत उपसर्ग ठेवायचा आणि प्रतिशब्द सिद्ध करायचा, ही रीत शासनव्यवहारात रूढ झाली. हे गृहीतक भाषेच्या प्रत्यक्ष व्यवहारात कितपत टिकते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

या चर्चेला सिंधुदुर्ग जिल्ह्याची पार्श्वभूमी स्वाभाविक आहे. 'दर्पण'चे संपादक बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. दोन भाषा एकमेकींसमोर ठेवल्या की प्रतिशब्दाचा प्रश्न टाळता येत नाही. संस्कृत व प्राकृत यांच्या आधारे मराठीच्या शब्दरूपांचा शास्त्रीय मागोवा घेणारे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ साली मालवण येथे झाला. १८७७ सालची त्यांची विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने भारतीय आर्यभाषांच्या ऐतिहासिक अभ्यासाचा पाया मानली जातात. इंग्रजी-मराठी शब्दव्यवहार आणि मराठीचा शब्देतिहास या दोन्ही अभ्यासांना या किनाऱ्याचा असा हातभार लागला आहे.

उपसर्गाला स्वतंत्र अर्थ असतो काय?

हा प्रश्न नवा नाही. यास्काच्या निरुक्तात त्यावरील मतभेद नोंदविलेला आहे. शाकटायनाच्या मते धातूपासून सुटा केलेला उपसर्ग स्वतंत्रपणे अर्थ सांगत नाही, तर गार्ग्याच्या मते उपसर्गांना स्वतःचे, आणि तेही नाना प्रकारचे, अर्थ असतात. भर्तृहरीने वाक्यपदीयात उपसर्गाच्या कार्याचे तीन पर्याय मांडले आहेत. उपसर्ग अर्थाचा वाचक असेल, धातूत दडलेल्या अर्थाचा द्योतक असेल किंवा धातूला शक्ती पुरविणारा सहकारी असेल. पाठ्यपुस्तकातील तक्ता यांपैकी केवळ पहिला पर्याय गृहीत धरतो.

परंपरेने या संदर्भात 'हृ' धातूचे उदाहरण वापरले आहे. 'हृ' म्हणजे नेणे, हरण करणे. त्यापासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हे शब्द झाले. मारणे, जेवणे, नाश, क्रीडा आणि निवारण या पाच अर्थांपैकी एकही 'नेणे' या क्रियेत 'प्र', 'आ', 'सम्' इत्यादींचे ठरीव अर्थ मिळवून सांगता येणार नाही.

इंग्रजीतील अशाच एका कुळाचा परिचय मराठी भाषकाला रोजच्या बोलण्यातून आहे. लॅटिनमधील 'पाठविणे' या अर्थाच्या 'मित्तेरे' या धातूपासून अॅडमिट, परमिट, सबमिट, कमिटी, ट्रान्समीटर आणि प्रॉमिस हे शब्द आले. रुग्णाला दवाखान्यात 'अॅडमिट' करतात, मासेमारीसाठी 'परमिट' लागते, विद्यार्थी प्रकल्प 'सबमिट' करतात. या सर्वांत 'पाठविणे' कोठे आहे, हे व्युत्पत्ती सांगितल्यावरच कळते. 'ट्रान्समिट'मध्ये बेरीज जुळते, 'कमिट'मध्ये ती पूर्णपणे तुटते. एकत्र पाठविण्यापासून सोपविणे, गुंतविणे आणि पुढे गुन्हा करणे येथपर्यंतचा प्रवास शतकांच्या वापराने घडविला आहे.

'सबमिट'चा मराठी प्रतिशब्द येथे उद्बोधक ठरतो. इंग्रजी शब्दात 'खाली' या अर्थाचा उपसर्ग आहे. वरिष्ठाच्या अधिकाराखाली ठेवणे ही त्यातील मूळ कल्पना. मराठीत आपण 'सादर करणे' म्हणतो आणि 'सादर' म्हणजे 'स' अधिक 'आदर', आदरासह. उपसर्गाला उपसर्ग न जुळविताही कनिष्ठाने वरिष्ठापुढे काही ठेवण्याची रीत मराठी शब्दात पूर्ण उतरली आहे. चांगला प्रतिशब्द व्यवहारातील नाते ओळखून घडतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

सगोत्र उपसर्ग, भिन्न अर्थ

लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुलातील असल्याने त्यांचे अनेक उपसर्ग मुळात एकच आहेत. 'प्रो' व 'प्र', 'अॅब' व 'अप', 'इंटर' व 'अंतर्', 'सुपर' व 'उपरि', 'सब' व 'उप' या जोड्या सगोत्र आहेत. नकारार्थी 'इन' आणि संस्कृत 'अ' किंवा 'अन्' यांचेही मूळ एकच. परंतु सगोत्र असणे म्हणजे समानार्थी असणे नव्हे.

याची कसोटी 'पाहणे' या अर्थाच्या धातूंवर घेता येते. संस्कृतात 'ईक्ष्' आणि लॅटिनमध्ये 'स्पेक्'. पहिल्यापासून निरीक्षक, परीक्षक, समीक्षक, प्रेक्षक, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा हे शब्द झाले. दुसऱ्यापासून इन्स्पेक्टर, प्रॉस्पेक्टस, रिस्पेक्ट, एक्स्पेक्ट, आस्पेक्ट, सस्पेक्ट हे झाले. इन्स्पेक्टर आणि निरीक्षक यांची जोडी व्यवहारात घट्ट बसली आहे. पण लॅटिन 'इन' आत पाहतो, तर 'निर्' हा उपसर्ग बाहेरची दिशा सुचवितो. सस्पेक्ट आणि उपेक्षा यांत उपसर्ग सगोत्र आहेत आणि धातू समानार्थी आहेत. बेरजेचा नियम खरा असता तर दोन्ही शब्दांचा अर्थ एकच व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात खालून पाहण्यातून एका भाषेने संशय काढला, तर दुसरीने जवळ असूनही न पाहणे, म्हणजे दुर्लक्ष काढले. उपसर्ग अर्थाला दिशा देतो, मुक्काम मात्र त्या त्या समाजाचा वापर ठरवितो.

'प्र'चा नात्यांतील वापर याहून मनोवेधक आहे. लॅटिनमध्ये पणतूला 'प्रोनेपोस' म्हणत, संस्कृतात 'प्रपौत्र' म्हणतात. दोन्हीकडे हा उपसर्ग एक पिढी पलीकडे नेतो. संस्कृत 'प्रणप्तृ'पासून मराठीत 'पणतू' आला. 'पण' या घटकाने मराठी घरात आपले बस्तान बसविले, 'पणजोबा' आणि 'पणजी' यांतही तो दिसतो. त्याच्याही पलीकडची पिढी सांगण्यासाठी मराठीने 'खापर' हा आपला घरचा घटक जोडला आणि 'खापरपणजोबा' घडविले. शास्त्रकारांच्या मदतीवाचून उपसर्ग घडविण्याची बोलीची शक्ती येथे दिसते.

आभासी उपसर्ग

उपसर्गाची कल्पना मनात एकदा रुजली की भाषक तो नसलेल्या ठिकाणीही पाहू लागतात. 'विधवा' हा शब्द याचे ठळक उदाहरण. 'वि' म्हणजे विना आणि 'धव' म्हणजे पती, अशी त्याची फोड परंपरेने केली. तौलनिक भाषाशास्त्र सांगते की लॅटिन 'विदुआ' आणि इंग्रजी 'विडो' हे याच शब्दाचे सगोत्र असून त्यांत उपसर्ग नाही. मूळ कल्पना वियुक्त होण्याची, रिक्ततेची आहे. 'धव' हा शब्द या फोडीतूनच मागाहून निर्माण झाला आणि त्यावरून 'सधवा' घडला. 'असुर'मधील 'अ' नकारार्थी समजून 'सुर' हा शब्द तयार झाला, तोही याच पद्धतीने. 'विधवा'च्या बाबतीत या चुकीच्या फोडीला सामाजिक वजन आले. स्त्रीची ओळख पतीच्या असण्या-नसण्यावरून मोजणाऱ्या समाजाने त्या शब्दात आपल्याला हवा तो उपसर्ग पाहिला. उपसर्गविचार हा केवळ व्याकरणाचा विषय राहत नाही, तो असा.

इंग्रजीतही असे आभास आहेत. 'आउटरेज' या शब्दात इंग्रजी 'आउट' आणि 'रेज' पाहिले जातात; वास्तविक तो शब्द 'पलीकडे' या अर्थाच्या लॅटिन 'उल्ट्रा'वरून फ्रेंचमार्गे आला. 'इन्फ्लेमेबल' या शब्दातील 'इन' नकारार्थी समजला जाण्याचा धोका मोठा. ज्वालाग्राही पदार्थाच्या टाकीवर हा शब्द वाचून कोणी तो न पेटणारा समजला तर जीवावर बेतेल. म्हणून विसाव्या शतकात सूचनाफलकांवर 'फ्लेमेबल' हा उपसर्गरहित शब्द वापरण्याचा आग्रह धरला गेला. 'इन' म्हणजे 'नाही' असे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे बिनमोलाचा, टाकाऊ, असे वाटणे साहजिक आहे. मराठीत 'निर्'चेही असेच आहे. निर्धन व निर्दोष यांत तो अभाव दाखवितो. निर्णय, निर्माण, निर्देश यांत दाखवीत नाही.

पदनामांतील उपसर्ग

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि १९६२ साली 'पदनाम कोश' प्रसिद्ध झाला. त्यातील शब्दांवर टीकेची झोड उठली आणि त्याला 'बदनाम कोश' असे विनोदी नाव मिळाले. संस्कृतनिष्ठ कोशाची ही थट्टा साधली ती 'बद' या फारसी उपसर्गाने. तत्पूर्वी १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध असताना, आजचा सिंधुदुर्ग ज्यात मोडत होता त्याच जिल्ह्यातून, वि. दा. सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली. त्यांनी पुरस्कारलेले अनेक शब्द रुळले; परंतु 'कायदा' या अर्थी त्यांनी वापरलेला 'निर्बंध' त्या अर्थाने टिकला नाही. 'नि' किंवा 'निर्' आणि 'बंध' यांतून वाचकाला बंधनच ऐकू आले, आणि शब्द बंदीच्या अर्थाने स्थिरावला.

शासकीय परिभाषेची सरसकट निंदा करणे अन्यायाचे होईल. 'आदेश' व 'अध्यादेश', 'सूचना' व 'अधिसूचना', 'नियम' व 'अधिनियम' या जोड्या पाहता 'अधि' या उपसर्गाला विधीचे बळ असलेला दस्तऐवज असा एक नवा, सुसंगत अर्थ या परिभाषेने मिळवून दिला, हे मान्य करावे लागते. 'आयात' आणि 'निर्यात' या जोडीने 'इम्पोर्ट' व 'एक्स्पोर्ट' यांचे परस्परविरुद्ध दिशादर्शन तंतोतंत पेलले आहे. मासळीच्या व्यापारातील माणूस 'निर्यात' हा शब्द सहज उच्चारतो. तो संस्कृत आहे याची त्याला आठवणही करून द्यावी लागत नाही.

अडचण उद्भवते ती उपसर्गाचा अर्थ आणि संस्थेतील दर्जा यांची फारकत झाल्यावर. प्राध्यापकवर्गाला याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. अधिव्याख्याता, प्रपाठक आणि प्राध्यापक अशी पदांची चढती श्रेणी दीर्घकाळ प्रचलित होती. 'अधि' म्हणजे वर, अधिकाराने श्रेष्ठ. तरीही 'अधि' धारण करणारे पद तिन्हींत कनिष्ठ होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनंतर सहायक प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापक ही पदनामे रूढ झाली. 'असिस्टंट' आणि 'असोसिएट' या दोन्ही इंग्रजी शब्दांत 'कडे, जवळ' या अर्थाचा लॅटिन 'अॅड' आहे; मराठीत दोन्हीकडे 'सह' आला. उपसर्ग बदलला, पण अर्थ सुबोध झाला. नवी नावे रुळली त्यामागे हेही एक कारण मानता येईल.

'प्र-कुलगुरू' या पदनामातील 'प्र' हा इंग्रजी 'प्रो'चा प्रतिध्वनी आहे. लॅटिनमधील 'प्रो' हा 'च्या वतीने, च्या जागी' असा अर्थ देत असे. 'प्रोकॉन्सल' हे पद त्यातूनच आले. संस्कृत 'प्र'ला ही छटा नाही. 'प्रपितामह' आणि 'प्राचार्य' यांच्या परंपरेत तो पलीकडचा किंवा श्रेष्ठ असाच अर्थ सांगतो. त्या न्यायाने प्र-कुलगुरू हे कुलगुरूंच्याही वरचे ठरावेत. शब्द व्यवहारात चालतो, कारण त्याचा अर्थ अधिनियमाने ठरवून दिला आहे; उपसर्गाने मात्र तो मुळीच सुचत नाही.

देशी पर्याय

संस्कृत उपसर्गांच्या आग्रहात मराठीची स्वतःची साधने दुर्लक्षित राहतात. 'सब' या लॅटिन उपसर्गासाठी मराठीजवळ 'पोट' हा अस्सल घटक आहे. पोटहिस्सा, पोटकलम, पोटनियम, पोटभाडेकरू हे शब्द जमीन आणि न्यायालय यांच्या व्यवहारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. 'खाली' ऐवजी 'पोटात' ही कल्पना मुख्याशी असलेले अंगभूत नाते अधिक नेमके सांगते. 'पर कॅपिटा' या लॅटिन पदबंधासाठी 'दरडोई' हा शब्द फारसी 'दर' आणि मराठी 'डोई' यांच्या संयोगाने झाला. 'कॅपुट' म्हणजे डोके, हे ध्यानात घेतले तर हे भाषांतर किती काटेकोर आहे ते दिसते. गैरसमज, गैरसोय, बेपत्ता, नापसंत यांतील फारसी उपसर्ग तर परके वाटतच नाहीत. 'सबमरीन'साठी मराठीने 'अधःसागरी'सारखे काही घडविले नाही, 'पाणबुडी' म्हटले. समुद्राशी रोजचे नाते असलेल्या मालवणसारख्या गावात या शब्दाचा अर्थ कोणालाही विचारावा लागत नाही.

तद्भव शब्दांत संस्कृत उपसर्ग विरघळून गेले आहेत, हेही लक्षात घेतले पाहिजे. 'उपविश्'पासून 'बसणे', 'उपलक्ष्'पासून 'ओळखणे', 'आनी'पासून 'आणणे', 'विक्री'पासून 'विकणे'. 'बसणे' या क्रियापदात 'उप'चा 'ब'च काय तो उरला आहे. इंग्रजीतही लॅटिन उपसर्ग असेच लपले आहेत. 'काउंट' आणि 'कॉम्प्युट' हे एकाच लॅटिन शब्दाचे दोन अवतार, 'शुअर' आणि 'सिक्युअर' हेही तसेच. जिवंत भाषा उपसर्ग गिळून टाकते आणि मग शब्द खऱ्या अर्थाने तिचा होतो.

अध्यापनातील प्रश्न

मग उपसर्गांचे शिक्षण निरुपयोगी मानावे काय? तसे नाही. त्याचा खरा उपयोग अर्थ सांगण्यापेक्षा शब्दाची रचना आणि लेखन समजण्यासाठी अधिक होतो. लॅटिन उपसर्गाचे अंत्य व्यंजन पुढील व्यंजनात मिसळते. 'इन' व 'मायग्रेट' मिळून होणाऱ्या 'इमिग्रेट'मध्ये 'एम' हे अक्षर दोनदा येते, 'एमिग्रेट'मध्ये एकदाच, कारण तेथे 'एक्स'चा केवळ 'ई' उरतो. 'उत्' व 'लेख' मिळून 'उल्लेख' होतो, तोच हा नियम. 'परि' आणि 'ईक्षा' यांच्या संधीने 'परीक्षा' होते, म्हणून 'री' दीर्घ. 'परिपत्रक' आणि 'परिषद' यांत स्वरसंधी नाही, म्हणून ऱ्हस्व. सूचनाफलकावर 'परिक्षा' लिहिले जाते, त्याचे कारण विद्यार्थ्याला नियम सांगितला जातो, त्यामागील फोड दाखविली जात नाही. 'पुनर्तपासणी' हा शब्दही याच अज्ञानाचा. संधिनियमाने 'पुनस्तपासणी' हवे. अर्थात मराठी भाषक 'पुनर्' हा न बदलणारा स्वतंत्र घटक मानू लागले आहेत, असेही या रूपावरून म्हणता येईल, आणि व्याकरणकारांनी त्याची नोंद घ्यावयास हवी.

दुसरा मुद्दा बोलीचा. इंग्रजीत लॅटिन 'पोस्टपोन'बरोबर 'पुट ऑफ' हा जर्मानिक वळणाचा प्रयोग चालतो. प्रमाण मराठीत 'स्थगित करणे' आणि 'पुढे ढकलणे' हे असेच दोन थर आहेत. मालवणी बोलणारा विद्यार्थी 'फुडे ढकलूक', 'भायर काढूक' अशा प्रयोगांतून क्रियेची दिशा सुट्या शब्दाने सांगतो. म्हणजे इंग्रजीचा बोलीसदृश थर त्याला रचनेने जवळचा आहे. वर्गात मात्र आरंभ होतो तो लॅटिन तक्त्याने, आणि त्या तक्त्याचे स्पष्टीकरण मिळते ते संस्कृत तक्त्याने. एका अपरिचिताची ओळख दुसऱ्या अपरिचिताकडून करून देण्याचा हा प्रकार होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने उच्च शिक्षणात भारतीय भाषांच्या माध्यमावर भर दिल्यानंतर नव्या परिभाषेची गरज वाढली आहे. अशा वेळी ही पद्धत तशीच चालू ठेवल्यास मातृभाषेतील पाठ्यपुस्तकही विद्यार्थ्याला परभाषेसारखे वाटेल.

निष्कर्ष

उपसर्ग अर्थाची दिशा सुचवितो, अर्थ निश्चित करीत नाही. शाकटायन आणि गार्ग्य या दोघांच्याही मतात सत्याचा अंश आहे, आणि भर्तृहरीचा 'सहकारी' हा पर्याय इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषांच्या साक्षीला सर्वांत जवळचा वाटतो. लॅटिन व संस्कृत उपसर्ग सगोत्र असले तरी त्यांची यांत्रिक अदलाबदल करून प्रतिशब्द घडविणे अशास्त्रीय ठरते. 'निर्यात', 'सादर', 'दरडोई', 'पोटकलम' आणि 'पाणबुडी' हे शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले. त्यांना जोडणारा समान धागा म्हणजे वापरणाऱ्यांना त्यांतील कल्पना दिसते. परिभाषाकारांनी प्रथम देशी साधने तपासावीत, नंतर रुळलेले फारसी घटक आणि शेवटी संस्कृत उपसर्ग, असा क्रम या विवेचनावरून सुचतो. अध्यापनात उपसर्गांचा तक्ता पाठ करून घेण्याऐवजी एका धातूचे संपूर्ण शब्दकुल प्रत्यक्ष वाक्यांतून विद्यार्थ्यांसमोर ठेवावे आणि बेरीज कोठे जुळते, कोठे तुटते, हे त्यांनाच शोधू द्यावे.